खाऱ्या पाण्याच्या टाकीतले कृमी: आधी ओळख, मग कारवाई

 

तुमच्याकडून येणाऱ्या निरोपांमध्ये एक निरोप नेमाने असतो. रात्री उशिरा मोबाईलवर काढलेला अंधुक फोटो, त्यात दगडाच्या फटीतून बाहेर आलेलं काहीतरी लांबट, आणि खाली एकच ओळ: ‘सर, टाकीत किडा निघालाय, कुठलं औषध टाकू?’ इंदूरहून येतो, बडोद्याहून येतो, बेळगावहून येतो. माझं पहिलं उत्तर सगळ्यांना एकच असतं. आज काहीही टाकू नका. आधी तो कोण आहे ते बघू.

फौजेत संत्र्याला पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट तीच असते. समोर हालचाल दिसली म्हणून गोळी सुटत नाही. आधी ओळख पटते, मग कारवाई होते. टाकीत तर हा नियम दुप्पट लागू आहे. तिथे दिसणाऱ्या दहांतले बहुतेक कृमी तुमच्याच बाजूचे असतात. घाबरून सगळ्यांवर एकदम औषध ओतलं, तर किडे मरतात आणि पाठोपाठ मासेही जातात. हे कसं होतं, ते पुढे सांगतोच.

हे आले कुठून?

टाकी तुम्ही आर.ओ.च्या पाण्यात तयार मीठ मिसळून भरली, मग त्यात किडे कसे? तर ते दगडासोबत येतात. ज्याला आपण ‘लाइव्ह रॉक’ म्हणतो, तो सच्छिद्र दगड म्हणजे चाळच असते. प्रत्येक भोकात कोणीतरी भाडेकरू. प्रवाळाचा नवा तुकडा ज्या खुंटीवर चिकटवलेला असतो, तिच्या खालच्या बाजूने येतात. दुसऱ्याच्या टाकीतून आणलेल्या मूठभर वाळूतून येतात. अंडी आणि पिल्लं तर डोळ्यांना दिसतही नाहीत. म्हणून ‘काल काहीच नव्हतं, आज अचानक आलं’ असं जे वाटतं, ते खरं नसतं. ते सहा महिन्यांपूर्वी आलं, वाढलं, आणि आज तुम्हाला दिसलं.

रात्रीची रेकी

बहुतेक कृमी निशाचर. दिवे गेल्यावर तासा-दीड तासाने टाकीपाशी जा. टॉर्चवर लाल जिलेटीन कागद लावा. या प्राण्यांना लाल उजेड फारसा जाणवत नाही, त्यामुळे ते पळत नाहीत. पांढरा टॉर्च मारलात तर फक्त आत शिरणारी शेपटी दिसेल.

बघायचं काय? पाच गोष्टी वहीत लिहा. अंगाच्या कडेने केस आहेत का? डोक्यावर मिशांसारख्या शृंगिका आहेत का, असल्या तर किती? शरीर गोल आहे की कागदासारखं चपटं? रंग कोणता? आणि सगळ्यात महत्त्वाचं, तो करतोय काय? वाळूवरचा कचरा खातोय, की जिवंत प्रवाळावर बसलाय? एक रात्र पुरत नाही. तीन-चार रात्री बघा. फोटो काढाल तर दोन काढा, एक अख्ख्या शरीराचा आणि एक डोक्याचा. फक्त मधल्या भागावरून ओळख पटत नाही.

आपली माणसं

आता ज्यांना हात लावायचा नाही, त्यांची यादी.

वाळूतून किंवा दगडातून पांढऱ्या-गुलाबी शेवयांसारखे धागे पसरलेले दिसले, आणि बोट लावताच ते आत ओढले गेले, तर तो स्पॅगेटी वर्म. धाग्यांनी अन्नाचे कण गोळा करतो. कोणाच्या अध्यात ना मध्यात.

नळीच्या तोंडाशी पिसांचा पंखा उघडलेला असेल, तर तो फेदर डस्टर. पाणी गाळून खातो. काचेवर किंवा पंपावर पांढऱ्या, शंखासारख्या वळलेल्या बारीक नळ्या चिकटलेल्या असतील, तर ते त्याचेच चुलतभाऊ. ते शेकड्याने वाढले तरी बिघडत नाही.

दगडाच्या भोकातून करडी, बिनकेसांची सोंड हळूच बाहेर येऊन आजूबाजूचा पृष्ठभाग चाटत असेल, तर तो पीनट वर्म. हाही निरुपद्रवी.

एक तोतया मात्र लक्षात ठेवा. कडक, टोकदार नळी आणि तिच्यातून पाण्यावर सोडलेलं कोळ्याच्या जाळ्यासारखं चिकट जाळं दिसलं, तर तो कृमीच नाही. ती व्हर्मेटिड नावाची गोगलगाय. तिचं जाळं प्रवाळाला त्रास देतं. नळी चिमट्याने मोडा आणि तोंड सुपरग्लूच्या जेलने बंद करा.

संशयित क्रमांक एक: ब्रिसल वर्म

तुमच्या फोटोंमध्ये सगळ्यात जास्त दिसतो तो हा. गुलाबी-करडा, खंडाखंडांचा, दोन्ही कडांना पांढऱ्या केसांची झालर. दिसायला घोणीसारखा, त्यामुळे अंगावर काटा येतो. पण आपल्या टाक्यांत मिळणारी युरिथो कुळातली ही मंडळी मुख्यतः मेलेलं आणि उरलेलं खातात.

शेतात गांडूळ जे काम करतं, तेच टाकीत हा करतो. दोघं एकाच मोठ्या कुळातले, शरीर वलयांचं असणारे. दगडाआड मासा मेला आणि तुम्हाला कळलंच नाही, तर हेच त्याची विल्हेवाट लावतात. आणि इथेच गैरसमज होतो. सकाळी मेलेल्या माशावर दहा ब्रिसल वर्म दिसतात आणि आपण म्हणतो, यांनी मासा मारला. अहो, मासा आधीच गेला होता. स्मशानात उभ्या असलेल्यांना कोणी खुनी म्हणतं का?

मग त्यांना हात कधी लावायचा? दिवसाढवळ्या झुंडीने बाहेर दिसू लागले, किंवा एखादा वीतभराहून लांब झाला, तर संख्या कमी करायची. संपवायचे नाहीत, कमी करायचे.

खरे शत्रू

पहिला, दाढीवाला फायर वर्म. शास्त्रीय नाव हर्मोडाइस. जाड अंग, पांढऱ्या केसांचे दाट झुपके, प्रत्येक झुपक्याच्या बुडाशी लालसर फांद्यांसारखे कल्ले, आणि डोक्यावर घड्यांचा मांसल तुरा. हा जिवंत प्रवाळ खातो. फांदीचं टोक तोंडात घेतो आणि सकाळी तिथे पांढरा सांगाडा उरतो. पण त्याचं मूळ घर अटलांटिक, कॅरिबियन आणि भूमध्य समुद्र. भारतातल्या टाकीत तो क्वचितच येईल. म्हणजे तुमच्याकडचा ‘फायर वर्म’ बहुधा साधा ब्रिसल वर्मच आहे.

दुसरा, युनिसिड कुळातला मोठा कृमी. डोक्यावर पाच शृंगिका आणि अंगावर इंद्रधनुषी चमक. लहान असताना तो सहसा कचराच खातो, मोठा झाल्यावर प्रवाळ आणि मासे. याच कुळातला ‘बॉबिट वर्म’ तुम्ही व्हिडिओत पाहिला असेल, वाळूत दबा धरून माशावर झडप घालणारा. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉल परगण्यात न्यूकी इथे एक सार्वजनिक मत्स्यालय आहे. तिथल्या एका टाकीत प्रवाळ तोडल्यासारखं दिसायचं, चोर सापडेना. सापळे लावले, तेही उद्ध्वस्त. शेवटी २००९ साली त्यांनी टाकीतले दगड एकेक करून बाहेर काढले, तेव्हा सुमारे ४ फूट लांबीचा कृमी सापडला. हौशी माणसाने यातून घ्यायचा बोध एवढाच, की नुकसान दिसतंय पण चोर दिसत नाही, अशा वेळी पाण्यात औषध ओतून उपयोग नसतो. संशयित दगड बाहेर काढावा लागतो.

तिसरा, केशरी-लाल ओएनोने. केस जवळजवळ दिसतच नाहीत, अंगाला चिकट बुळबुळीतपणा. हा शिंपले आणि गोगलगाईंच्या मागे असतो. कवचाला भोक पाडून आतलं मांस खातो. तुमच्या गोगलगाई एकापाठोपाठ मरत असतील, तर याला शोधा.

चौथा, लाल फ्लॅटवर्म. काही मिलिमीटरचा, गंजाच्या रंगाचा, चपटा, शेपटीला तीन टोकं. शास्त्रज्ञ आता त्याला खऱ्या चपट्या कृमींपासून वेगळं मानतात, पण बाजारात नाव तेच चालतं. याच्या अंगात शैवाल राहतं, त्यामुळे उजेड आणि संथ पाणी मिळालं की तो अंग फुटून वाढत जातो. प्रवाळाला तो चावत नाही, पण त्यावर गालिचा पसरून उजेड अडवतो.

पाचवा, ॲक्रोपोरा खाणारा फ्लॅटवर्म. ॲक्रोपोरा म्हणजे फांद्यांचं दगडी प्रवाळ. हा कृमी जवळजवळ पारदर्शक असतो आणि खाल्लेल्या प्रवाळाचा रंग घेतो, म्हणून समोर असून दिसत नाही. त्याची खूण म्हणजे फांदीवर फिकट गोल चाव्यांचे ठिपके आणि एकूण उतरलेला रंग. रबरी फुग्याच्या पिपेटने फांदीवर पाण्याचा जोरदार झोत मारा. पापुद्रे उडाले तर समजा तोच.

काढायचं कसं?

सौम्य उपायापासून सुरुवात करायची आणि गरज पडली तरच पुढे जायचं.

हाताने. म्हणजे उघड्या हाताने नव्हे. ब्रिसल वर्मचे केस पोकळ आणि ठिसूळ असतात, कातडीत मोडतात आणि तासन्‌तास आग होते. हातमोजे आणि लांब चिमटा घ्या. रात्री वाळूत किंवा दगडावर कोळंबीचा छोटा तुकडा ठेवा, कृमी पूर्ण बाहेर येऊ द्या, मग उचला. अर्धवट बाहेर असताना ओढू नका, तो तुटतो. युरिथोचा तुकडा तुटला तर त्या तुकड्यापासून नवा कृमी तयार होऊ शकतो. एकाचे दोन करायचे नसतील तर घाई नको.

सापळ्याने. अर्ध्या लिटरची प्लास्टिकची बाटली घ्या. झाकणाला भोक पाडून त्यातून स्ट्रॉ आत सरकवा, बोटभर आत राहील अशी. आत कोळंबीचा तुकडा, बाटली टाकीच्या पाण्याने पूर्ण भरलेली. दिवे गेल्यावर दगडाशेजारी आडवी ठेवा. कृमी वासाने आत जातो, पण बाहेरचा रस्ता त्याला सापडत नाही. पहाटे दिवे लागायच्या आत बाटली काढा. दुसरी पद्धत याहून सोपी. जुन्या नायलॉनच्या पायमोज्यात आमिष बांधून ठेवा. कृमी जाळीतून खायला येतो, त्याचे केस जाळीत अडकतात, आणि पायमोजा त्याच्यासकट उचलता येतो. ओळीने पाच-सहा रात्री केलंत तर फरक दिसतो.

दगड बाहेर काढून. मोठ्या युनिसिडसाठी हाच मार्ग. संशयित दगड टाकीच्या पाण्याने भरलेल्या बादलीत घ्या. त्याचं भोक सापडलं की सिरिंजने त्यात साधा, बिनगोडीचा सोडा सोडा. त्यातल्या वायूने तो अस्वस्थ होऊन बाहेर येतो. हा उपाय बादलीतच करायचा, टाकीत नाही.

शिकारी ठेवून. सहा पट्ट्यांचा रॅस मासा फ्लॅटवर्म आणि लहान ब्रिसल वर्म टिपतो. ॲरो क्रॅब आणि लाल-पांढऱ्या पट्ट्यांची कोळंबी ब्रिसल वर्म खातात. पेपरमिंट कोळंबी ॲक्रोपोराच्या फ्लॅटवर्मवर ताव मारते. पण हे भाडोत्री सैनिक आहेत, पाळीव नव्हेत. रॅस छोट्या टाकीत दादागिरी करतो, ॲरो क्रॅब लहान माशांना सतावतो. निळी मखमली समुद्री गोगलगाय फक्त लाल फ्लॅटवर्म खाते, ते संपले की उपाशी मरते. एका कामासाठी जीव आणून त्याला उपाशी मारणं मला पटत नाही. आणायचीच असेल तर पुढे ती कोणाकडे द्यायची, हे आधी ठरवा.

औषध, सगळ्यात शेवटी

कुत्र्या-मांजरांच्या जंतांसाठी फेनबेंडाझोल नावाचं औषध मिळतं. ‘जंतांचं औषध म्हणजे जंतांचंच’ असं म्हणून काही जण ते टाकीत घालतात. ते कृमी मारतं हे खरं. पण फेदर डस्टर, गोगलगाई आणि काही मऊ प्रवाळंही त्याच्या तडाख्यात सापडतात, आणि दगडात मुरून ते बराच काळ त्रास देत राहतं. त्याहून मोठा धोका वेगळाच आहे. दगडाच्या पोटात शेकडो कृमी असतात. ते एका रात्रीत मेले की तिथेच कुजतात. पाण्यात अमोनिया चढतो, प्राणवायू उतरतो. सकाळी मासे पृष्ठभागावर तोंड काढून श्वास घेताना दिसतात. तोपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. शत्रू मारायला निघालो आणि आपलीच छावणी जाळली, असा हा प्रकार.

लाल फ्लॅटवर्मसाठी मात्र खास औषधं मिळतात आणि कधी कधी ती वापरावी लागतात. इथे क्रम पाळा, कारण हे जीव एकदम मेले तर त्यांच्या अंगातलं विष पाण्यात उतरतं. आधी आठवडाभर रोज एअर पंपाच्या बारीक नळीने सायफन करून जमतील तेवढे काढा. नळीचं दुसरं टोक फिल्टरच्या कापडी पिशवीत सोडा, म्हणजे पाणी परत वापरता येतं. संख्या बरीच उतरली की मग औषध. त्या दिवशी टाकीच्या चौथ्या हिश्श्याएवढं खारं पाणी तयार ठेवा, नवं ॲक्टिव्हेटेड कार्बन हाताशी ठेवा आणि एअर पंप चालू करा. औषधाचं प्रमाण बाटलीवर लिहिलेलं तेवढंच. कार्बन औषध शोषून घेतं, म्हणून आधी ते काढायचं. मेलेले कृमी सायफनने उचलत राहायचं, आणि वेळ झाली की नवं कार्बन घालून पाणी बदलायचं. हे सगळं सुट्टीच्या दिवशी सकाळी करा. औषध टाकून ऑफिसला जायचं नाही.

ॲक्रोपोराच्या फ्लॅटवर्मसाठी टाकीत औषध टाकायचं नसतं. प्रवाळ बाहेर काढून, प्रवाळासाठी बनवलेल्या द्रावणात भिजवायचं आणि पिपेटने झोत मारून कृमी पाडायचे. पण द्रावणाने अंडी मरत नाहीत. ती प्रवाळाच्या बुडाशी, उघड्या सांगाड्यावर तपकिरी पुंजक्यांत असतात. दिसतील तेवढी खरवडून काढा. उरलेली तापमानानुसार साधारण दीड ते तीन आठवड्यांत फुटतात, म्हणून दर आठवड्याला एकदा असं निदान सहा आठवडे भिजवणं चालू ठेवा. दोनदा करून थांबलात तर सगळी मेहनत वाया.

दोन गोष्टी जिवावरच्या

पहिली, लाइव्ह रॉक कधीही उकळू नका. किडे मारायचा झटपट उपाय म्हणून हे सुचवलं जातं. अशा दगडावर बटणासारखी फुलं असणारे झोअँथिड असतील, तर त्यांतल्या काहींच्या अंगात पॅलिटॉक्सिन नावाचं अत्यंत जहाल विष असतं. उकळताना ते वाफेबरोबर घरभर पसरतं. २०१८ साली इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायरमध्ये एका घरात टाकी साफ करताना प्रवाळातून हे विष बाहेर पडलं. त्यासाठी उकळावंही लागलं नव्हतं. घरातली माणसं आणि मदतीला आलेले अग्निशामक दलाचे काही जवान, सगळ्यांना रुग्णालयात न्यावं लागलं. तेव्हा दगड उकळायचा नाही, गरम पाण्याखाली घासायचा नाही. दगडावर काम करताना हातमोजे आणि चष्मा घाला, आणि मुलांना लांब ठेवा.

दुसरी, ब्रिसल वर्मचे केस हातात घुसलेच, तर चोळू नका. चिकटपट्टी हलकेच लावून ओढा, केस तिच्याबरोबर निघतात. नंतर व्हिनेगर लावल्याने आग कमी होते. सूज वाढत गेली किंवा श्वास लागला, तर घरगुती उपाय बंद आणि सरळ डॉक्टरकडे.

मूळ कारण

जेवढं खरकटं, तेवढ्या मुंग्या. ब्रिसल वर्मची संख्या म्हणजे तुम्ही किती अन्न वाया घालवता याचा हिशेब आहे. दोनशे कृमी पकडून काढले आणि खाणं तेवढंच ठेवलं, तर दोन महिन्यांत दोनशे परत हजर. मासे दोन-तीन मिनिटांत संपवतील एवढंच घाला. फ्रोझन खाद्य गाळणीत धुऊन घ्या, त्याचं पाणी टाकीत ओतू नका. वाळूचा वरचा थर नियमित सायफन करा. दगडांच्या मागे पाण्याचा प्रवाह पोचतो का ते बघा. अन्न कमी झालं की काही आठवड्यांत संख्या आपोआप उतरते, सापळाही लागत नाही.

सरहद्दीवर तपासणी

नवा प्रवाळ किंवा दगड थेट टाकीत जाऊ द्यायचा नाही. वेगळ्या छोट्या टाकीत किमान चार ते सहा आठवडे विलगीकरण. प्रवाळ द्रावणात भिजवा आणि ज्या खुंटीवर तो बसवलेला असतो, ती शक्यतो बदलून टाका. अंडी तिथेच असतात. दगडाच्या बाबतीत कोरड्या दगडाने सुरुवात केली, तर हा प्रश्न जवळपास येतच नाही.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो. अंदमान, लक्षद्वीप, मन्नारचं आखात, कच्छचं आखात किंवा आपलं मालवण, कुठूनही फिरायला गेल्यावर प्रवाळ उचलून आणायचं नाही, जिवंत नाही आणि मेलेलंही नाही. २००१ सालापासून सगळ्या दगडी प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टाचं संरक्षण आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. विकत घेतानाही विक्रेत्याकडे कागदपत्रं मागा.

उलट दिशेनेही तेच. पकडलेले कृमी, काढलेले दगड किंवा टाकीचं पाणी खाडीत, समुद्रात सोडू नका. आपल्या टाकीतला पाहुणा तिथल्या किनाऱ्यावर घुसखोर ठरू शकतो. कृमी गोड्या पाण्याच्या बादलीत टाका, त्यात ते लवकर मरतात. मग कागदात गुंडाळून कचऱ्यात.

या आठवड्याचं काम

तीन रात्री, रोज पंधरा मिनिटं, लाल टॉर्च घेऊन टाकीसमोर बसा. काय दिसलं ते वहीत लिहा: केस, शृंगिका, आकार, रंग आणि तो काय करत होता. औषधाची बाटली कपाटातच राहू द्या. माझा अंदाज आहे की तुमच्यापैकी बहुतेकांच्या वहीत एकही शत्रू निघणार नाही, फक्त रात्रपाळीचे सफाई कामगार निघतील. ज्यांच्या वहीत खरोखर शत्रू निघेल, त्यांनी डोक्याचा फोटो जरूर पाठवा.

पुढच्या भागात खेकड्यांकडे वळू. दगडातून येणारे कोणते ठेवायचे आणि कोणते नाही, ते बघू. तोपर्यंत काळजी घ्या. जय हिंद.